ब्रिजिटबाईंना दाखवायचं बेट

२ फेब्रुवारी, सोमवार

आज ऑफिसात एक महत्त्वाची गोष्ट घडली आणि ती माझ्यामुळे घडली. आमच्या पर्यटन खात्याच्या प्रमुख लागिटुपूबाई म्हणाल्या, आयर्लंडहून ब्रिजिट नावाच्या एक बाई तीन आठवड्यांसाठी येताहेत. त्यांना लॉजवर राहायचं नाही. कुणाच्या तरी घरात राहून तुवालूतलं रोजचं जगणं बघायचंय. जागा कुणाकडे आहे? सगळे आपापली नखं बघायला लागले. मी हात वर केला.

खात्यात पाहुणे-अधिकाऱ्याची नवी जागा निघणार आहे. लागिटुपूबाई तसं स्पष्ट बोलल्या नाहीत, पण माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं त्यात सगळं आलं. फिजीत, सुवाला जाऊन दोन वर्षं शिकलेला माणूस ऑफिसात एकच आहे. कोण, ते लिहायची गरज नाही.

सेलुकाला विचारायचं राहिलं. बायकोच आहे, खूश होईल.

३ फेब्रुवारी

खूश झाली नाही. म्हणाली, पाहुणी झोपणार कुठे, तुमच्या डोक्यावर? मी म्हटलं, आपल्या खोलीत. मग आपण? ओट्यावर, तुझ्या आईशेजारी. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि बोटीच्या इंजिनासारख्या घोरतात. मध्येच इंजिन बंद पडतं, तेव्हा जास्त भीती वाटते.

दुसरा अडथळा मेहुणा. सेमेसेची आठ डुकरं घरामागे, धावपट्टीच्या कडेला. वारा तिकडून आला की घरात डुकरं येतात, इकडून आला की त्यानं वाळत घातलेले मासे येतात. नानुमेआ बेटावरून लग्न करून इथं फुनाफुतीला आलो, त्याला बावीस वर्षं झाली. बावीस वर्षं नाकानं कमी आणि तोंडानं जास्त श्वास घेतोय. सेमेसेला शांतपणे सुचवलं, तीन आठवड्यांपुरती डुकरं उत्तरेच्या टोकाला ने. म्हणाला, दाजी, डुकरं तुमच्या आधीपासून आहेत इथं. सीनियॉरिटीनं बघितलं तर आधी कुणी हलायचं?

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. घरजावयाचं जिणं. असो.

४ फेब्रुवारी

कार्यक्रमपत्रक तयार केलं. एकवीस दिवसांचं, टाइप करून, लॅमिनेट करून. बँक, पोस्ट, सरकारी इमारत, वाचनालय, माझं टेबल, धक्का. डुकरं, मासे साफ करणं, माडी काढणं वगळलं. माणूस अर्धी पृथ्वी ओलांडून येतो तो काय माशांची आतडी बघायला?

पाणीही वगळलं. जो येतो तो एकच विचारतो, बेट बुडतंय का. चार वर्षांपूर्वी एका फोटोवाल्यानं मला उधाणाच्या पाण्यात गुडघाभर तीनदा उभं केलं. इस्त्रीची पँट. पुढे मासिक आलं, त्यात मी होतो. खाली छापलं होतं: ‘एक मच्छीमार’. आठवलं की अजून तोंडात खारट येतं.

निश्चय: संध्याकाळी भात बंद. रोज एक तास इंग्रजी. पाहुणीसमोर कुणावरही चिडायचं नाही.

संध्या. ७ — भात खाल्ला. जहाज यायला दहा दिवस उशीर झालाय, घरात भात आणि डब्यातलं मांस सोडून काही नाही. डब्यातलं मांस उघडलं की वर पिवळी चरबी थरथरते. ते बघून भात जास्त खावा लागला. उद्यापासून.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बाई आल्या.

साडेबाराला भोंगा झाला. धावपट्टीवरची कुत्री, माणसं, सायकली बाजूला झाल्या आणि विमान उतरलं. मी टाय लावून पहिल्या रांगेत. हातात भाषण, चार मिनिटांचं. बाई साठीच्या, उंच, लालबुंद, पायात पुरुषी बूट. मी ‘आदरणीय पाहुण्या’ इथपर्यंत आलो आणि त्या माझ्या बाजूनं निघून गेल्या. कुंपणाला टेकून सासूबाई फुलांचा मुकुट घेऊन बसल्या होत्या, तिथं गेल्या आणि खाली मातीतच बसल्या. सासूबाईंनी मुकुट डोक्यावर ठेवला, गाल ओढला आणि आमच्या भाषेत म्हणाल्या, अगं किती भाजलीयेस! बाई इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. दोघी हसायला लागल्या. एकीला दुसरीचं अक्षर कळत नव्हतं.

उरलेलं भाषण कस्टमच्या माणसाला म्हणून दाखवलं. त्याला आवडलं असावं. उठला नाही.

एक गोष्ट लक्षात आली: बाईंकडे जाड वही आहे आणि त्या सारख्या लिहितात. म्हणजे पुस्तक. मी या पुस्तकात असणार आहे. उजवी बाजू बरी दिसते, जेवताना त्या बाजूला बसावं.

६ फेब्रुवारी

बेट दाखवलं. नऊला निघालो, पावणेअकराला संपलं. माझं टेबल दोनदा दाखवलं. मोटारसायकलवर मागून बाई विचारतात, हे सगळं छान आहे, पण तुम्ही राहता कसे ते कधी दाखवणार? मी म्हटलं, असेच राहतो आम्ही. बँकेत? म्हणाल्या. आयरिश लोकांना विनोदाची सवय दिसते.

घरी आलो तर सेलुका अंगणात मासे साफ करत होती. मांडीपर्यंत रक्त, खवले केसांत, पायाशी तीन मांजरं. मी बाईंना पटकन आत वळवायला गेलो. त्यांनी बाह्या वर केल्या आणि दुसरी सुरी मागितली.

संध्याकाळी जेवलो नाही. (भात थोडा.)

८ फेब्रुवारी, रविवार

चर्च. मी खर्जात गातो. आज मुद्दाम उंच आवाजात गायलो, म्हणजे बायकांच्या बाजूला ऐकू जावं. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघत होती.

दुपारी बाईंनी पानावर बसून हातानं खाल्लं. नीरफणस, मासा, नारळाचं घट्ट दूध. कोपरापर्यंत ओघळ. सासूबाईंनी तो ओघळ आपल्या कमरेच्या कापडाच्या टोकानं पुसला, त्याच टोकानं आधी त्यांनी स्वतःचं नाक पुसलेलं मी पाहिलं होतं. काही गोष्टी माणसानं एकट्यानं सोसायच्या असतात.

१० फेब्रुवारी

सकाळी बाई दिसेनात. शोधलं तर माडाखाली. वर सेमेसे, माडाची पोय, म्हणजे फुलोरा, कापून माडी काढतोय आणि घसा फाडून गातोय. इथली रीतच आहे, वर चढलं की गायचं, म्हणजे खालच्यांना कळतं कुणीतरी वर आहे. पण गाणं काय गावं याला मर्यादा हवी:

टाय घालून दाजी आले, हो,
डुकरं म्हणाली, लग्न कुणाचं?

बाईंनी अर्थ विचारला. मी म्हटलं, जुनं गाणं आहे, ताऱ्यांवरून होडीची दिशा कशी ओळखायची त्याबद्दल. त्यांनी मान डोलावली, वहीत लिहून घेतलं. हजरजबाबीपणा हा पाहुणे-अधिकाऱ्याचा पहिला गुण.

ताजी माडी प्यायल्या. भांड्यात दोन मुंग्या, एक माशी. बोटानं काढल्या आणि प्यायल्या. मला उमाळा आला, आनंदाचा नव्हे.

१२ फेब्रुवारी

लागिटुपूबाईंनी विचारलं, पाहुण्या कशा आहेत? सांगितलं, कार्यक्रमपत्रकाप्रमाणे सगळं चाललंय. त्या म्हणाल्या, काल धावपट्टीवर डुकराला दोरीनं ओढत नेताना दिसल्या. मी म्हटलं, तो कार्यक्रमाचाच भाग.

घरी चौकशी केली. बाईंनी आठही डुकरांना नावं दिलीत. आयर्लंडातल्या त्यांच्या मावश्यांची. सगळ्यात घाणेरडी, जिच्या कानात सतत चिखल असतो, ती मावशी नोरा. सेमेसे आता सरळ ‘नोरा, इकडे ये’ म्हणून हाक मारतो. आणि ती येते.

बाईंनी आज तो प्रश्न विचारला. बेट बुडतंय का? चार वर्षं तयार ठेवलेलं उत्तर दिलं. म्हटलं, बाई, हा एक देश आहे, इथं पासपोर्ट छापतात. त्या म्हणाल्या, मी सहज विचारलं, कारण तुमच्या सासूबाई तांदळाचं पोतं दर आठवड्याला एक वीट वर चढवतात. मी म्हटलं, म्हातारपणाचा चाळा.

१४ फेब्रुवारी

आजचा दिवस माझ्या हातात घ्यायचा ठरवला होता.

पुलाका म्हणजे अळूचाच थोरला भाऊ, माणसाहून उंच, खड्ड्याच्या चिखलात वाढतो. सेलुका कंद काढायला निघाली, बाई बरोबर. मीही निघालो. बाईंसमोर बायकांनी चिखलात उतरायचं आणि खात्याच्या माणसानं काठावर उभं राहायचं, हे बरं दिसलं नसतं. सेलुका म्हणाली, बूट काढा. मी म्हटलं, मला माहीत आहे. सेलुका म्हणाली, पायापुढे काठी खुपसून बघा. मी म्हटलं, नानुमेआत पुलाका होत नाही काय?

मांडीपर्यंत गेलो. चिखल काळा, कोमट, आणि हलतो. वास नासक्या अंड्याचा. हालचाल केली की आणखी खाली. बाई वरून अगदी शांतपणे विचारत होत्या, पाय जाणवतोय का? सेलुका आणि शेजारच्या दोघी जणींनी काखेत हात घालून मला काढलं. ‘सुपक’ असा आवाज झाला. डावा बूट तिथंच राहिला. सेलुकानं खोल हात घालून चाचपडलं, तर बूट नाही मिळाला, कंद मिळाला. छोटाच होता. म्हणाली, खारं पाणी वर येतंय, आता असेच निघतात. ते बघून बायका गप्प झाल्या, नाहीतर अजून हसत असत्या.

तीन वेळा अंघोळ केली. टाकीतलं पाणी एवढं वापरलं म्हणून सासूबाईंनी मला धुतलेल्या भांड्यांचं पाणी दाखवलं आणि म्हणाल्या, जावईबापू, हे राहिलंय बघा, उडी मारता का?

निश्चय: चिखलाचा विषय कायमचा बंद.

१७ फेब्रुवारी

भरतीच्या तक्त्यात बघितलं. परवा उधाण, संध्याकाळी पाच वीसला, वर्षातलं सगळ्यात मोठं. या दिवसांत पाणी समुद्राकडून येतच नाही, जमिनीतून येतं. अंगणात बुडबुडे येतात, मग डबकं, मग तळं. त्यात डुकरांच्या जागेतलं सगळं तरंगत घरात येतं. वर्णन करत नाही.

बाईंनी हे बघितलं की पुस्तकात हेच येणार. पहिल्या पानावर पाण्यात डुक्कर, दुसऱ्यावर मी, ‘एक मच्छीमार’. ते होऊ द्यायचं नाही. योजना: परवा तीन वाजता बाईंना मोटारसायकलवरून उत्तरेच्या टोकाला न्यायचं. तिथली जमीन जरा उंच. सूर्यास्त दाखवायचा, नारळ द्यायचा, पाणी ओसरलं की सातला परत. त्यांना कळणारही नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळ

जहाज एकदाचं लागलं. सगळं बेट धक्क्यावर. सेमेसे माल उतरवायला गेला. सेलुका कांदे, पीठ, साखरेच्या रांगेत उभी राहणार. जाताना काहीतरी सांगत होती, चारला घरी या, आई एकटी आहे, पोती वर उचलायची आहेत, डुकरं सोडायची आहेत, असं. हो म्हटलं. बघू. सासूबाईंनी अशी उधाणं माझ्यापेक्षा जास्त पाहिलीत.

त्याच दिवशी, नंतर

जसं झालं तसं लिहितो.

तीनला निघालो. बाई म्हणाल्या, आजी एकट्या आहेत ना? मी म्हटलं, शेजारी आहेत. (शेजारीही धक्क्यावर होते, हे मला माहीत असण्याचं कारण नाही. होतं खरं.) उत्तरेला पोचलो. सूर्य ढगात. नारळ फोडताना हाताला लागलं. साडेचारला बाई म्हणाल्या, रस्त्यावर पाणी चमकतंय. मी म्हटलं, ऊन आहे. त्या म्हणाल्या, ऊन कुठाय? आणि चालायला लागल्या.

मोटारसायकल अर्ध्या वाटेत बंद पडली, पाणी चाकाच्या मध्यावर. बाई थांबल्या नाहीत. बूट गळ्यात अडकवून झपाझप पुढे. मी गाडी ढकलत मागे. पाण्यातून काय काय वाहत होतं, चपला, नारळाची करवंटं, एक कोंबडी, आणि जे डुकरांचं असतं ते. ते माझ्या पोटरीला लागत होतं. ओकारी आली, पण थांबून ओकायला वेळ नव्हता.

घरी पोचलो तर सासूबाई अंगणात पाण्यात बसलेल्या. छातीखालपर्यंत पाणी. पोतं उचलून वर ठेवलं होतं, एकट्यानं. डुकरांचं दार उघडलं होतं. मग घसरल्या. उजवा हात मनगटात वाकडा, डाव्या हाताखाली डुकराचं एक पिल्लू घट्ट धरलेलं. बाजूला ती नोरा उभी, हलत नव्हती. सासूबाई रडत नव्हत्या. दात वाजत होते. मला बघून म्हणाल्या, आलात? तांदूळ कोरडा आहे.

बाईंनी त्यांना उचलून ओट्यावर आणलं. बाई नर्स होत्या, चाळीस वर्षं. मला ते माहीत नव्हतं, मी विचारलं नव्हतं. म्हणाल्या, काहीतरी कडक, सपाट आणा. माझ्या डोक्यात काहीच येईना. त्यांनीच भिंतीवरचं कार्यक्रमपत्रक काढलं, दुमडलं आणि मनगटाला बांधलं. लॅमिनेट केलेलं असल्यामुळे पाणी लागलं तरी बरोबर राहिलं. माझ्या हाती काय होतं? सासूबाईंचा दुसरा हात. तोही बाईंनी धरायला सांगितला म्हणून.

सहाला सेलुका आली, डोक्यावर कांद्यांची गोणी. आईकडे बघितलं. बाईंकडे बघितलं. मग गोणी खाली ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, “तुला सगळ्याची किळस येते. डुकराची येते, माशाची येते, आईच्या घोरण्याची येते. बाईंना पाणी दिसू नये म्हणून आईला पाण्यात ठेवून गेलास. त्याची येते का?”

बावीस वर्षांत पहिल्यांदा तिनं मला अरे-तुरे केलं. मी म्हटलं, तक्त्यात पाच वीस लिहिलं होतं, पाणी आधी आलं. ती आत गेली.

२० फेब्रुवारी

दवाखान्यात प्लास्टर घातलं. सहा आठवडे. डॉक्टर म्हणाले, तात्पुरती पट्टी कुणी बांधली, उत्तम आहे. मी म्हटलं, आमच्याच खात्याची आहे. सेलुकानं माझ्याकडे बघितलं.

घर साफ केलं. म्हणजे सगळ्यांनी केलं, मीही केलं. घाण खरवडताना नेहमीसारखं मळमळलं नाही. पण किळस येत होती, नेमकी कशाची ते कळेना. पित्त असावं.

२२ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो. गायलो नाही. घसा बरा नाही. कुणी विचारलंही नाही, आज खर्ज का नाही म्हणून.

घरात माझ्याशी फक्त सासूबाई बोलतात. त्याही पाणी द्या, उशी सरकवा, एवढंच. सेलुकाला परत ‘तुम्ही’ म्हण म्हणून सांगावंसं वाटतं, पण ती काहीच म्हणत नाही, तर तू काय आणि तुम्ही काय.

२३ फेब्रुवारी

एक गोष्ट करायला नको होती. पण सद्हेतूनं केली. बाई धावपट्टीवर व्हॉलीबॉल खेळायला गेल्या होत्या आणि वही ओट्यावर उघडी होती. जवळजवळ उघडी. आडनावाचं स्पेलिंग बरोबर लिहिलंय का, एवढंच बघायचं होतं.

पुस्तक नाहीच. शब्द आहेत. पानंच्या पानं. एका बाजूला आमचा शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. पाणी. मासा. सरक. अजून खा. दुखतंय. नको रडू. सगळे सासूबाईंनी शिकवलेले. सेमेसेचं गाणं आहे, आठ ओळी, पूर्ण अर्थासकट, टाय, डुकरं, लग्न, सगळं. खाली मी सांगितलेला ताऱ्यांचा अर्थही लिहिलाय आणि पुढे एक छोटं हसरं तोंड. म्हणजे बाईंना पहिल्याच आठवड्यात माहीत होतं. तरी माझ्यासमोर मान डोलावत होत्या.

माझं नाव एकदा आलंय. नकार कसा द्यायचा, त्याच्या उदाहरणात.

पेनिएली कुठे आहे? पेनिएली घरी नाही.

२४ फेब्रुवारी

बाईंना सरळ विचारलं, पुस्तक कधी लिहिणार? म्हणाल्या, कसलं पुस्तक? त्या आयर्लंडातल्या एका छोट्या गावात एकट्या राहतात. निवृत्त झाल्यावर घरात दिवसभर कुणाचा आवाज नसतो. एका घरात इतकी माणसं, जनावरं, घोरणं, गाणी असतात म्हणजे कसं असतं, ते बघायचं होतं. मी म्हटलं, त्यासाठी एवढ्या लांब? म्हणाल्या, जवळ कुणी हात वर केला नाही. तुम्ही केलात.

हजरजबाबीपणा दरवेळी असतोच असं नाही.

२५ फेब्रुवारी

सभागृहात निरोपाचा कार्यक्रम. चटया, फुलं, मध्ये लाकडी पेटी, तिच्याभोवती दहा पुरुष हातानं ताल धरायला. मला बोलायचं होतं. नवीन भाषण, छोटं, माफीसकट. उभा राहिलो आणि पेटीवर पहिली थाप पडली. एकदा सुरू झालं की ताल वाढतच जातो, कुणी थांबवत नाही. खाली बसलो.

मग बाई बोलल्या. आमच्या भाषेत. दोन मिनिटं. चुका करत, सासूबाईंसारखे हेल काढत. सेलुकाचे आभार मानले, तिनं सुरी दिली म्हणून. सेमेसेचे, गाण्याबद्दल. सासूबाईंचं नाव घेतलं आणि तिथं थांबल्या, पुढचं वाक्य झालं नाही. सासूबाई प्लास्टरचा हात वर करून म्हणाल्या, सांग गं सांग, ‘अजून खा’ म्हण! सगळं सभागृह हसलं, बाई हसल्या आणि रडल्या. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाल्या, खोली दिल्याबद्दल पेनिएलींचे आभार.

खोली. हवेशीर आहे खरी.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

भोंगा झाला. विमान गेलं. सासूबाई कुंपणाजवळ विमान दिसेनासं होईपर्यंत उभ्या होत्या. मी मागे छत्री धरून. ऊन होतं म्हणून.

२ मार्च, सोमवार

सकाळी लागिटुपूबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. टाय नीट केला. म्हणाल्या, पाहुण्यांचं पत्र आलंय, तुमच्या घराची फार स्तुती आहे, खात्याला अशाच माणसाची गरज होती. मी उभा राहिलो. त्या म्हणाल्या, बसा, अजून सांगते. पाहुणे-अधिकारी म्हणून सेलुकाची नेमणूक करायचं ठरलंय, तुमची काही हरकत नाही ना?

मी म्हटलं, नाही. अर्थातच नाही. मीच सुचवणार होतो.

घरी आलो. तिला आधीच माहीत होतं. शनिवारीच विचारलं होतं तिला. मला सांगितलं नाही. मी तरी बाईंना हो म्हणताना तिला कुठे विचारलं होतं?

९ मार्च, सोमवार

सेलुका साडेसातला मोटारसायकलवर निघाली. तरुण जोडपं येतंय जपानहून, त्यांच्या तयारीला. जाताना म्हणाली, आईचे केस विंचरून द्या. ‘द्या’ म्हणाली. म्हणजे बरंच निवळलंय. किंवा घाईत होती.

सासूबाईंचे केस पांढरे, कमरेच्या खाली. प्लास्टरमुळे त्यांना हात मागे नेता येत नाही. सेमेसेच्या हाताला माशाचा वास येतो म्हणून त्या त्याला हात लावू देत नाहीत. म्हणजे त्यांनाही किळस येते तर. हे मला आजवर माहीत नव्हतं.

ओट्यावर बसलो. नारळाचं तेल. डोक्याला म्हातारपणाचा, धुराचा वास. तोंडानं श्वास घेऊन बघितलं, पण तेवढ्यात त्या काहीतरी विचारत राहतात आणि उत्तर द्यायला तोंड लागतं, तेव्हा नाकानंच घ्यावा लागतो. रस्त्यावरून ऑफिसातले दोघं गेले. बघितलं त्यांनी. मी मान वर केली नाही. हे काम एकाग्रतेचं आहे आणि सगळ्यांना जमत नाही.

वेणी घालून झाल्यावर म्हटलं, झालं. त्या म्हणाल्या, डावीकडे कानामागे गुंता राहिलाय. मी बघितलं. म्हटलं, कुठाय, नाहीये. म्हणाल्या, जावईबापू, डोळ्यांनी नाही दिसायचं, बोटांनी बघा.

बोटांनी बघितलं.

होता.